चार्ज घेतला, आता पुढं? मराठवाड्यातल्या नव्या मुख्याध्यापकांसाठी

चार्ज घेताना आधीचे सर तुमच्या हाती काय काय देतात? जनरल रजिस्टर, कॅशबुक, डेड स्टॉक, तांदळाची किती पोती शिल्लक त्याचा हिशेब, शाळेची माहिती भरायच्या यू-डायस पोर्टलचा पासवर्ड, कपाटाच्या किल्ल्या. सह्या झाल्या की चार्ज पूर्ण. कोणतं लेकरू दिवसभर गप्प असतं, कोणते दोन शिक्षक चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत, सातवीच्या मुली शाळेत पाणी का पीत नाहीत, हे चार्ज यादीत नसतं. शाळेत लेकराला यावंसं वाटतं की नाही, ते मात्र यावरच ठरतं.

मी बीड जिल्ह्यात तीन शाळांवर मुख्याध्यापक होतो. पहिल्या शाळेवर आल्या आल्या मी भिंती रंगवून घेतल्या. सुविचार, फुलं, हसणारी मुलं, सगळं चितारून घेतलं. त्याच आठवड्यात खिचडी करपली म्हणून स्वयंपाकीण मावशींना मी पोरांसमोर बोललो, आवाज चढवून. दुसऱ्या दिवशी चौथीतला एक पोरगा ताट पुढं करून त्यांना म्हणाला, "ए, नीट वाढ की!" आवाजाची पट्टी हुबेहूब माझी. भिंतीवरचा सुविचार त्यानं वाचला नव्हता, मला बघितलं होतं. पुढं जे काही लिहितोय ते त्या एका वाक्यानं शिकवलं.

पहिले पंधरा दिवस: काही बदलू नका

जूनच्या मध्यात शाळा उघडते आणि नव्या माणसाला काहीतरी करून दाखवायची घाई असते. थांबा. एक साधी वही घ्या आणि फक्त बघा. मधल्या सुट्टीत एकटं कोण बसतं. कोणत्या पोराला नावाऐवजी गावानं ठेवलेल्या नावानं हाक मारतात. तांड्यावरची, वस्तीवरची मुलं वर्गात कुठं बसतात. शेवटच्या रांगेत तीच ती असतील तर ते आपोआप झालेलं नसतं.

मुलींच्या पाण्याचं कोडं मला दुसऱ्या शाळेवर उलगडलं. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. एकीनं दार धरून उभं राहायचं तेव्हा दुसरीनं जायचं, म्हणून मुली पाणीच प्यायच्या नाहीत. कडी बसवायला सुताराला अर्धा तास लागला. त्याआधी कित्येक वर्षं त्या शाळेत बेटी बचाओच्या प्रभातफेऱ्या निघत होत्या.

याच पंधरा दिवसांत प्रत्येक शिक्षकाला वेगवेगळं भेटा, वीस-वीस मिनिटं, शक्यतो त्यांच्याच वर्गात, ऑफिसात बोलावून नको. विचारायचं थोडंच: इथं काय चांगलं चाललंय, कशाचा त्रास होतो, आणि तुमच्या वर्गातल्या कोणत्या लेकराची तुम्हाला काळजी वाटते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. एका बाईंनी मला न थांबता अकरा नावं सांगितली, प्रत्येकाच्या घरच्या परिस्थितीसकट. शेजारच्या वर्गाचे सर म्हणाले, "सगळे नॉर्मल आहेत सर." कोणाकडून शिकायचं आणि कोणाला हळूहळू सोबत घ्यायचं, ते मला त्या दिवशी कळलं.

सकाळी फाटकाशी

परिपाठाच्या आधी पंधरा मिनिटं फाटकाशी उभं राहा. हातात काही नको, मोबाइल तर नकोच. पोरांची नावं पाठ करा. दीडशे-दोनशे पटाच्या शाळेत जुलै संपेपर्यंत होतात.

उशिरा येणाऱ्याला पहिलं वाक्य काय बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर जिभेवर जुनंच येतं. "आलीस, बरं झालं. जेवलीस का?" एवढं पुरतं. कारण मागून कळतं. सहावीतली एक मुलगी उन्हाळ्याच्या तोंडावर रोज अर्धा तास उशिरा यायची. टँकर यायचा तेव्हा घरी तीच एकटी असायची. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं बघितलं. पण आपल्याकडं टंचाईच्या वर्षी कितीतरी लेकरांची शाळेची वेळ टँकर ठरवतो, ते हजेरीपटावर कुठंच दिसत नाही.

एक गोष्ट भाषेची. तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी, काही घरांत दखनी, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीरच्या पुढं कन्नड. पहिलीचं लेकरू घरची भाषा घेऊनच फाटकातून आत येतं. "इथं मराठीतच बोलायचं" असं पहिल्याच दिवशी सांगितलं की ते वर्षभर बोलत नाही. पाणी, भूक, शू, दुखतंय, एवढे चार-पाच शब्द त्याच्याकडूनच शिकून घ्या. तुम्ही चुकीचं उच्चारलं की ते हसतं. हसू द्या.

शिक्षकांशी वागणं

पोरांवर माया करा, असं शिक्षकांना सांगून काही होत नाही. सकाळी ऑफिसात बोलणी खाल्लेला माणूस वर्गात जाऊन ती पोरांवरच काढतो.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणालाही कधीही खडसावायचं नाही. चूक सांगायची ती समोरासमोर, दार लोटून, आणि चांगलं सांगायचं ते परिपाठात, पोरांसमोर. "काल गायकवाड सरांनी भागाकार शिकवताना चिंचोके आणले होते" असं नेमकं सांगा. नुसतं "छान काम" कोणाला लागत नाही. (गायकवाड हे नाव उदाहरणापुरतं, नाहीतर ओळखीचे फोन यायचे.)

तिसरी सवय अवघड. वरून फोन येतो, माहिती आज बाराच्या आत द्या, लिंक भरा. आपण चालू वर्गातून शिक्षकाला उठवून कॉम्प्युटरसमोर बसवतो. हे शक्य तितकं अंगावर घ्या. मी केंद्रप्रमुखांना सरळ सांगायचो, चार वाजता देतो. एकदा नोटीस मिळाली, तिला उत्तरही दिलं. पण शिक्षकांनी ते बघितलं. पुढं काही मागितलं तर ते नाही म्हणाले नाहीत.

आरक्षणाच्या आंदोलनांच्या काळात शिक्षकांचे स्टेटस ही नवी डोकेदुखी झाली आहे. पोरं स्टेटस बघतात, पालकही बघतात. मत असू द्या, ते घरी. ज्या समाजाविरुद्ध सरांनी रात्री स्टेटस ठेवलं, त्या समाजाचं लेकरू सकाळी पहिल्या बाकावर बसलेलं असतं. ही गोष्ट बैठकीत गोल गोल न बोलता एकेकट्याशी बोला.

छडी आणि छडीपेक्षा वाईट

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. हे ठाऊक नसलेला शिक्षक सापडणार नाही. तरी छडी कपाटामागं असतेच आणि पालकही येऊन सांगतात, "दोन द्या सर, आम्ही काही म्हणणार नाही." नुसतं परिपत्रक वाचून दाखवलं तर छडी कपाटामागून पिशवीत जाते. शिक्षकाचा खरा प्रश्न वेगळाच असतो: मारायचं नाही तर करायचं काय?

ते सगळ्यांनी मिळून ठरवा. आमच्याकडं ठरलेलं असं होतं. दोघं भांडली तर आधी वेगळं करायचं, पाणी द्यायचं. दहा मिनिटं कोणी काही विचारायचं नाही. मग एकेकाचं ऐकायचं, मधे न बोलता. शेवटी जे मोडलं ते ज्यानं मोडलं त्यानं नीट करायचं. वही फाडली तर बसून उतरून द्यायची. शिवी दिली तर ज्याला दिली त्यालाच विचारायचं, आता यानं काय करावं. पोरं कधी कधी आपल्यापेक्षा कडक शिक्षा सांगतात, तेव्हा आवरावं लागतं.

मानसिक छळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काहीतरी मोठं येतं. तो असतो साधा, रोजचा. "ढ", "तुझ्या बापानं तरी शाळा बघितली का", गुण मोठ्यानं वाचणं. आणि सगळ्यात सर्रास चालणारा: शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की वर्गात पुकारा, "एस.सी.वाले उभे राहा, एन.टी.वाले हात वर करा." पुकारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याला यादी लवकर संपवायची असते. उभं राहणारं लेकरू मात्र ते आयुष्यभर विसरत नाही. यादी जनरल रजिस्टरवरून तयार होते, पालकांना चिठ्ठी जाते, कागद ऑफिसात घेतले जातात. वर्गात तोंडातून जात निघायचं काहीच कारण नाही. हा बदल पहिल्याच महिन्यात करा. याला बैठक लागत नाही.

खिचडीची रांग

पोषण आहार वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची, तशी नोंद ठेवायची, हा नियम आहे. आपण सही करतो आणि चव राहते. पहिली ते पाचवीला रोज माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. हिशेब तोंडपाठ असतो, पण रांगेत बसून जेवलेले मुख्याध्यापक मी फार थोडे बघितले. बसा. आठवड्यातून दोनदा तरी. वरणात मीठ किती हे कळतंच, शिवाय कोण कोणाशेजारी बसत नाही तेही कळतं. हजेरीच्या क्रमानं बसवलं तर वस्त्या आपोआप मिसळतात. स्वयंपाक कोणत्या समाजाच्या बाईनं केला यावरून एखाद्या घरचं लेकरू डबा आणायला लागलं, तर भाषण देऊ नका. तुम्ही पहिलं ताट घेऊन त्या लेकराशेजारी बसा. दोन-चार दिवस जातात. मग डबा यायचा थांबतो.

मावशींचं मानधन रखडलं असेल तर त्याचा पाठपुरावा तुम्ही करा. फार तुटपुंजं असतं ते.

"महं नाव कापू नका"

हा भाग बीडचा म्हणून लांबणार आहे. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांत शाळेवर असाल तर तुमच्या शाळेची खरी परीक्षा दसऱ्यानंतर.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे ट्रक भरतात आणि गावं रिकामी होतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. लेकरं सोबत जातात. फडावर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतात, पाणी आणतात, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतात. ती परत येतात मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला की.

पाचवीतला एक मुलगा जायच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, महं नाव कापू नका." त्याच्या थोरल्या भावाचं नाव एका वर्षी पटावरून कमी झालं होतं आणि परत आल्यावर तो शाळेत आलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. कागदावर ती एक रेघ असते. घरात त्याचा अर्थ होता, शाळेनं तुला काढलं.

मग आम्ही जे करत गेलो ते असं. सप्टेंबरातच यादी करायची, कोण जाणार. संध्याकाळी घरी जायचं, दिवसा कोणी सापडत नाही. आजी-आजोबा राहणार असतील तर लेकरू ठेवा म्हणून गळ घालायची. हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे मागं राहिलेल्या लेकरांच्या गावातच जेवणाच्या सोयीचा, प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह वेळेत पाठवायचा. तो उशिरा गेला तर मंजुरी येईपर्यंत ट्रक निघून गेलेले असतात. मग ते घर रिकामं, आणि तुम्ही कोणासाठी जेवण शिजवणार? आई राजी असते बहुतेक वेळा. तिला एकच भीती असते, मुलगी मागं राहिली तर रात्री तिच्याजवळ कोण? त्या प्रश्नाचं उत्तर घेऊनच जा. आम्ही गावातल्याच एका विधवा मावशींचं नाव सांगायचो, त्या स्वतः सोबत यायच्या बोलायला.

तरीही जी जातील त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जिथं फड पडेल तिथल्या शाळेत दाखला न मागता बसता येतं. वयानुरूप वर्गात प्रवेश हा कायद्यातलाच हक्क आहे. मुकादमाचा आणि बापाचा, दोन्ही नंबर घ्या. आठवड्यातून एकदा वर्गातूनच फोन लावा, स्पीकरवर, सगळ्यांना बोलू द्या. तिकडून बैलाच्या घुंगरांचा आवाज येतो आणि सगळा वर्ग कान देऊन ऐकतो. बाकावरची त्याची जागा कोणाला देऊ नका.

मार्चमध्ये तो परत येईल. काळवंडलेला, हाताला पाचटानं कापलेलं. "कुठं होता एवढे दिवस?" असं कोणी विचारायचं नाही, हे शिक्षकांना आधीच सांगा. पहिले दोन आठवडे त्याला परीक्षेचं नाव नको. एक सोबती द्या आणि तो काय शिकून आला ते काढून घ्या. तो पाचवीतला मुलगा परत आला तेव्हा गणिताच्या तासाला त्याला फळ्याशी बोलावलं. एका मोळीचं वजन अंदाजे किती, गाडीत किती मोळ्या बसतात, टनाला काय भाव, उचलीतून किती फिटले. त्यानं सगळं तोंडी सांगितलं, आणि फळ्यावर तेच मांडताना अडला. तिथून शिकवायला सुरुवात करता येते.

१७ सप्टेंबर

उरलेल्या महाराष्ट्रात तीन झेंडावंदनं, आपल्याकडं चार. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हा आपल्या शाळांचा घरचा दिवस, आणि त्यातली एक बोच फार कमी मुख्याध्यापकांच्या लक्षात येते. पाहुणे जोशात येतात, रझाकारांच्या कथा रंगतात, आणि रांगेतली मुसलमानांची लेकरं खाली बघायला लागतात. मी हे एका वर्षी प्रत्यक्ष बघितलं. त्या दिवशी काही बोललो नाही, ते अजून खटकतं.

पुढच्या वर्षापासून पाहुण्यांना आधी भेटायला लागलो. लढा निजामाच्या राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता, एवढं सांगून ठेवायचो. आणि परिपाठात शोएबुल्ला खान यांची गोष्ट लावली. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक. हैदराबाद भारतात विलीन व्हावं असं ते उघड लिहीत होते, म्हणून २२ ऑगस्ट १९४८ ला रझाकारांनी त्यांना मारलं. संस्थान मुक्त व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांची गोष्ट सांगताना ते आधी हिप्परग्याच्या आणि मग अंबाजोगाईच्या शाळेत शिक्षक होते, हेही सांगा. पोरं आपल्या गुरुजींकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतात. गुरुजीही ताठ होतात.

पालक

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. कागदावर तसं असतंच. बैठक सकाळी अकराला ठेवली की बाया रानात असतात, मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या आणतो. बैठक संध्याकाळी सातला ठेवा, देवळापुढं किंवा समाजमंदिरात. पहिल्या दोन बैठकांत त्या बोलणार नाहीत. तिसऱ्या बैठकीत बोलल्या की थांबणार नाहीत, आणि पहिला विषय स्वच्छतागृहाचा असेल.

लातूर-धाराशिवकडं असाल तर येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, आवतण चुकवू नका. रानात बसून आंबील-भज्जी खाताना पालक जे बोलतात ते पालकसभेत बोलत नाहीत.

जे टाळता येत नाही

शेतकरी आत्महत्येच्या घरचं लेकरू दहा-बारा दिवसांनी शाळेत येतं. त्या दिवशी श्रद्धांजली, मदतीचं पाकीट, फोटो यातलं काहीच नको. वर्गशिक्षकानं आदल्या दिवशी घरी जाऊन यावं. वर्गाला इतकंच सांगावं की त्याला काही विचारू नका, खेळायला मात्र बोलवा. बालसंगोपन योजनेचा अर्ज ऑफिसात तुम्ही भरा, आईला नुसते चार कागद सांगून परत पाठवू नका.

दुसरी गोष्ट लैंगिक छळाची. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावातली मोठी माणसं येतील, मुलीच्या नावाची काळजी सांगतील, मिटवा म्हणतील. चहा द्या. आणि पोलिसांना कळवा. लेकराला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावू नका, ते काम तपास करणाऱ्यांचं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक वर्गात पोरांच्या नजरेच्या उंचीवर लिहा. २०२२ पासून लेकरांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती प्रत्येक शाळेत असायची आहे, तिची बैठक कागदावर उरकू नका. तक्रारपेटी ऑफिसच्या दाराशी टांगली तर ती कायम रिकामी निघते. आम्ही ती हापशाकडच्या भिंतीला लावली. पहिल्याच आठवड्यात सात चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या दोन माझ्याबद्दल होत्या.

आठवीतली मुलगी दिवाळीनंतर अचानक गैरहजर राहिली, मैत्रिणी विचारल्यावर गप्प बसल्या, तर त्याच दिवशी घर गाठा. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच असतो, त्याला सोबत घ्या. दोन दिवसांनी जाऊ म्हटलं की तोवर हळद लागलेली असते.

बदली होताना

सुरुवातीच्या पंधरा दिवसांत घेतलेली वही आतापर्यंत दोन-तीन वह्यांची झालेली असते. ती नव्या मुख्याध्यापकांना द्या, चार्ज यादीत नसली तरी. त्याआधी घरातल्या भानगडींची आणि पॉक्सोची पानं फाडून जाळा, त्यातलं सांगण्यासारखं असेल ते तोंडी सांगा. बाकीचं राहू द्या: दसऱ्यानंतर कोण जातं, मावशींचं मानधन कुठं अडतं, कडी कोणत्या सुतारानं बसवली होती. कडी दर वर्षी निखळते.